निवळलेलं पाणी

सकाळी सव्वासातला मी टाकीवरचा कपडा बाजूला केला आणि पुढच्या काचेलगत, वाळूवर, एक झिंगा कुशीवर पडलेला दिसला. आधी वाटलं, कात असेल. झिंगे कात टाकतात आणि ती हुबेहूब झिंग्यासारखी असते, मिशांसकट, पायांसकट, फक्त आत कुणी नसतं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रडतच पुण्याला दिपकला फोन लावला होता, आणि माझा हा धाकटा भाऊ हसून म्हणाला होता, "ताई, तू बी.एस्सी. झूलॉजी ना गं? जुना झगा आहे तो. फेकू नको, तेच खातील." तेव्हापासून मी आधी कातच समजते. चमच्याच्या दांड्यानं हलकेच ढकललं. कात असती तर तरंगली असती. हा जड होता, लोळला आणि तसाच राहिला. रंगही गेलेला. जिवंतपणी काचेच्या बांगडीसारखा आरपार लाल असतो, हा दुधी गुलाबी झाला होता, उकडल्यासारखा. गार पाण्यात कुणी तरी त्याला शिजवलं होतं. मी त्याला चमच्यानं बाहेर काढलं, मागच्या दारी कढीपत्त्याच्या कुंडीत बोटानं खड्डा करून पुरलं, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि निलम उठायच्या आत टाकीसमोर येऊन बसले. चोवीस आणले होते. आता सहा. त्या सहांत ती एक, पोटाखाली अंडी धरलेली. ती मॉसच्या झुपक्यात होती. मी नाक काचेला लावलं. तिचे शेपटीखालचे पाय हलत होते, अंड्यांना वारा घालत होते, एकदाही न थांबता.

निलम साडेतीन वर्षांची आहे आणि गेल्या होळीपासून ती बोलत नाही. बोलत होती. हे मला प्रत्येक डॉक्टरला सांगावं लागतं आणि दर वेळी माझा आवाज चढतो, जणू समोरचा माझ्यावर खोटेपणाचा आळ घेतोय. बोलत होती हो, दोन वर्षांची असताना घरभर बोलत होती, चपलेशी बोलायची, पालीशी बोलायची. मग कमी झालं, मग बोट दाखवणं आलं, मग बोटही गेलं. नांदेडला कान तपासले, कान ठीक. तिथल्या डॉक्टरांनी तिच्यासमोर किल्ल्या वाजवल्या, तिनं वळून पाहिलं, ते म्हणाले, "ऐकते. तिला काय आवडतं ते शोधा, त्याच्याशेजारी बसून बोलत राहा. घाबरू नका." घाबरू नका हे शब्द लोक इतक्या सहज उच्चारतात! एस.टी.त परत येताना ती माझ्या मांडीवर बसून खिडकीच्या गजाला जीभ लावत होती आणि मी त्या जिभेकडे बघत होते. लाल, ओली, चपळ, काही म्हणजे काही कमी नसलेली जीभ.

मग दिवाळीत आम्ही दिपककडे गेलो. त्याच्या एका खोलीत पलंगापेक्षा काचेच्या टाक्याच जास्त होत्या. निलम एकीसमोर उभी राहिली. आत हिरव्या मॉसवर शंभरेक लाल झिंगे, तिच्या करंगळीच्या पेराएवढे, चिमुकल्या हातांनी सारखं काहीबाही वेचून तोंडात घालणारे, जसे बायका तांदूळ निवडतात. तिनं ओठ काचेला टेकवले आणि आवाज काढला. शब्द नव्हता. 'आं' की 'यां' असं काही तरी, घशातून आलेलं, गरम, काचेवर वाफ उमटवणारं. मी जिथे होते तिथेच खाली बसले. संतोष म्हणतो तो ढेकर होता. माझा नवरा मास्तर आहे, सेनगावकडच्या शाळेत चौथीला शिकवतो, त्याला रोज चाळीस पोरांचे आवाज ऐकू येतात, त्याला काय कळणार एका आवाजाचं.

आणि मी मनाशी करार केला. कुणाशी ते मला माहीत नाही. मी देवाची फार नाही. पण असा करार माणूस करतोच: हिंगोलीत, आपल्या घरात, झिंगे जगतील, एखादी अंडी धरेल, पिल्लं निघतील, आणि पिल्लं दिसली की निलम बोलेल. दिपक म्हणाला होता, झिंगा वर्ष-दीड वर्ष जगतो, त्यामुळे नुसते आणून भागत नाही, त्यांची वीण व्हायला हवी, आणि वीण व्हायची तर पाणी त्यांना मानवलं पाहिजे. पाण्यावर सगळं आहे, ताई. त्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं. टाकी दोन फुटी. मोठा फिल्टर नको, पिल्लं ओढली जातात, स्पंजाचा लाव. झाडं भरपूर. पाणी भरून टाकी महिनाभर रिकामी पिकू दे, त्यात चांगले जंतू वाढतात. नळाचं पाणी एक दिवस झाकून निवळू दे, मग घाल. औषध, खत कसलंच नको, त्यात तांबं असतं, तांब्यानं झिंगे मरतात. ते पान मी देवघराच्या खिळ्याला अडकवलं. डिसेंबरात टाकी आली. कयाधूची वाळू मी अकरा पाण्यांनी धुतली, हात फुटले. जलेश्वरच्या तळ्यातून हायड्रिला आणली, ती बादलीत पंधरा दिवस वेगळी ठेवली, एकेका पानावरून गोगलगाईची अंडी नखानं काढली. मॉस दिपकनं दिलेलं. दोऱ्यानं दगडाला बांधताना दोरासुद्धा आधी उकळून घेतला. महिनाभर मी एका रिकाम्या पाण्यासमोर बसत होते, ते पिकताना बघत होते. आमच्या घरमालकीण मनकर्णाकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, लोकं म्हशी पाळतेत, कोंबड्या पाळतेत. तुमी हे पाणी काहून पाळून राहिल्या?"

आता आठ वाजले होते आणि संतोष डबा घेऊन जीप गाठायला निघाला होता. "आणखी एक गेला का?" माझ्या तोंडाकडे बघून त्यानं विचारलं. मी मान हलवली. "शिला, अगं किडा आहे तो." "हळू बोल." "तिला काय कळतंय..." तो म्हणाला आणि थांबला, कारण निलम दारात उभी होती, केस डोळ्यांवर, फ्रॉक उलटा, सरळ टाकीकडे चाललेली. तिनं नेहमीसारखं पाट ओढला, वर उभी राहिली आणि कपाळ काचेला टेकवलं. तिची नजर मघा तो पडला होता त्याच जागी गेली. मी सगळी वाळू सारखी केली होती. तरी त्याच जागी. संतोष जाताना म्हणाला, "परवा होळी आहे. तांड्यावर जायचं ना? याडी वाट बघत असेल."

याडी म्हणजे त्याची आई, रुख्मिणीबाई. आमच्या गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात. मीही तांड्यावरचीच, मीही माझ्या आईला याडीच म्हणत वाढले. पण सातवीपासून वसतिगृहात राहिले, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून एक शब्द गेला आणि अख्खी पंगत हसली. तो शब्द कोणता होता हेही आता आठवत नाही, हसू आठवतं, ताटातल्या वरणावर उमटलेल्या माझ्या तोंडाच्या सावलीसकट. त्यानंतर मी तोंड पुसल्यासारखी भाषा पुसून टाकली. कॉलेजात कुणाला कळत नसे मी कुठली. लग्नानंतर सासूबाई इथे, हिंगोलीत आमच्याजवळ राहायला आल्या. माझी बी.एड.ची परीक्षा होती, निलम दिवसभर त्यांच्याजवळ. ती बोलायला लागली ती त्यांच्या भाषेत. आणि तिचा पहिला शब्द याडी होता. मी पुस्तक टाकून धावले, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. संतोष ज्यांना याडी म्हणतो त्यांनाच ती याडी म्हणत होती. त्यांच्या घागऱ्याच्या आरशांत बोट घालत. मी हसले. हसायलाच हवं होतं. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला शिशुवर्गाच्या बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण कुठली भाषा बोलते ही? बाकीची मुलं हसतात हो." एवढंच म्हणाल्या. घरी येऊन मी पदर खोचला आणि नियम केला. या घरात फक्त मराठी. "सासूबाई, तिच्याशी तुमच्या भाषेत बोलू नका." मी 'तुमच्या' म्हणाले. त्या तवा खाली उतरवत होत्या. म्हणाल्या, "मला बाजारापुरती मराठी येती गं. लेकराशी बोलायपुरती न्हाई." मी म्हटलं, "मग नका बोलू." हे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलेलं नाही. विचारतात, घरी काही बदल झाला का? मी म्हणते, नाही.

त्या खरंच बोलेनाशा झाल्या. कोपऱ्यात बसून माझ्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायच्या. निलम त्यांच्याजवळ बसायची आणि दोघींच्या मध्ये फक्त सुईचा आवाज. मला ते शांत घर बरं वाटलं होतं. किती दिवस बरं वाटलं होतं, कुणी विचारू नये.

जानेवारीत झिंगे आले. दिपक स्वतः घेऊन आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्वेटरमध्ये गुंडाळलेली. तीन आठवडे सगळं छान. निलम उठल्यापासून टाकीसमोर. आणि फेब्रुवारीत एका सकाळी चार मेलेले. मी वेड्यासारखी वाळू उकरली आणि मॉसच्या दगडामागे सापडला, भोकाचा पैसा. जुना, तांब्याचा, मधोमध भोक असलेला, सासूबाईंच्या कांचळीवर, त्यांच्या चोळीवर, शिवलेला असतो तसला. त्यांच्या बाहीवर एक दोरा लोंबत होता, मोकळा. मी तो पैसा त्यांच्यासमोर धरला. "काय आहे हे?" त्यांनी तो लोंबता दोरा बोटाला गुंडाळला. "तांबं आहे हे! तांब्यानं मरतात ते! पान लावलंय खिळ्याला!" त्यांना वाचता येत नाही, हे ओरडून झाल्यावर आठवलं. त्या उठल्या, गोधडीत सुई तशीच टोचून ठेवली, दुपारच्या गाडीनं तांड्यावर गेल्या. निलमनं त्यांचा घागरा धरला होता. मी तिची बोटं सोडवली, एकेक. त्यानंतर पंधरा दिवस एकही झिंगा मेला नाही. म्हणजे माझं बरोबर होतं. उलट एकीनं अंडी धरली, पिवळसर हिरवी, मोहरीपेक्षा बारीक, पंचवीस-तीस. मग पुन्हा मरायला लागले. पैसा काढून टाकलेला, तरी. आणखी काय टाकलं होतं त्यांनी?

दहाला लाइट गेली. दहा ते चार जाते, रोज. पंप बंद पडला, स्पंजातून येणारे बुडबुडे एकेक करत थांबले आणि टाकी एकदम बहिरी झाली. मी स्टीलचा पेला घेतला आणि पाणी वर उचलून पुन्हा टाकीत सोडू लागले, वीतभर उंचीवरून, म्हणजे त्यात हवा मिसळते. दोनशे वेळा, मग थोडा दम, मग दोनशे. रोज हे करते. खांदा भरून येतो. पोळ्या लाटताना तोच खांदा दुखतो आणि मला बरं वाटतं, काही तरी करते आहे असं. मोंढ्यातून हळदीचा वास येत होता, या दिवसांत गावभर असतो, पडद्यांना, उशांना. मी खिडकी लावून घेतली, हळदीची धूळ पाण्यात जात असेल म्हणून. उदबत्ती महिन्यापूर्वीच बंद केली. डासांची वडी बंद केली, निलमच्या पायांवर गांधी उठल्या तरी. हातांना साबण लावायचा नाही. सगळं बंद करून झालं होतं आणि तरी ते मरत होते. मी पेला ओतत होते आणि मोजत होते, आणि एकशे चाळीसला मागच्या कोपऱ्यातला एक तिरका झाला, गोल गोल पोहला, दारू प्यालेल्या माणसासारखा, आणि उताणा पडला. मग दुसरा. निलम पाटावर उभी होती. तिच्या तोंडासमोर काचेवर वाफेचा गोल येत होता, जात होता. मी म्हटलं, "बघ बेटा, कसा झोपला. झोपला झिंगा." तिनं माझ्याकडे पाहिलं. साडेतीन वर्षांच्या पोरीची नजर नव्हती ती. परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठी पकडणारे सर असतात ना, तसं पाहिलं.

मी मोबाइल घेतला. तांड्यावर फुलसिंगच्या दुकानात फोन आहे, लांबचा दीर लागतो तो. "कोन? शिला वहिनी? होळीला येऊन राहिल्या ना? येताना ते तुमचे झिंगे घेऊन या, कालवन करू!" मागे पोरं हसली. मी म्हटलं, "भाऊजी, सासूबाईंना बोलवा. लवकर." "काहून, काय झालं? लेकरू बरं हाय ना?" "बोलवा हो!" तो ओरडत गेला. फोन गल्ल्यावर तसाच पडलेला, आणि त्यातून मला तांडा ऐकू येत होता. कुणी तरी डफाला ऊब देऊन वाजवून बघत होतं, बायका होळीचं गाणं बसवत होत्या, एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती आणि हशा पिकत होता. गाण्यातले शब्द कळत होते मला. न ऐकायचं ठरवलं तरी कळत होते. फोन निलमच्या कानाशी न्यावा असं एकदम वाटलं आणि मी तो दुसऱ्या कानाला लावला.

"कोन, शिला?" सासूबाईंना धाप लागली होती. "पोरगी?"

"निलम ठीक आहे. सासूबाई, खरं सांगा. पैशाशिवाय टाकीत आणखी काय टाकलं होतं तुम्ही?"

"कायबी न्हाई."

"खरं सांगा. अजून मरतायत ते. आज तीन गेले."

"तुज्या गळ्याची आन. एक पैसा टाकला. नदीवरून गाडी जाती तवा आपन पैसा टाकत न्हाई का? लेकराची वाचा गेली, पान्यापाशी उभी ऱ्हाती, म्हनलं पान्याला काही तरी द्यावं." मग त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "पर शिला, तांब्यानं मरतेत म्हनलीस ना तू?"

"हो."

"मग तू हंड्यातलं पाणी काहून टाकती त्यात?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुठला हंडा?"

"तुज्या बापानं दिलेला. तांब्याचा. चिंच लावून घासती तू, त्यातलं पाणी दुसऱ्या दिशी टाकीत वतती. मी बघत व्हते की कोपऱ्यातून. एवढा पैसा तो, अन् एवढा हंडा. मला वाटलं, शिकलेली हाय, बराबरच करत असंल."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" माझा आवाज माझा राहिला नव्हता. "मी तुम्हाला एवढं बोलले, घालवून दिलं, तेव्हा तरी!"

"बोलू नको म्हनलीस की," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्या मला आठवण करून देत होत्या, नियम काय ठरला होता त्याची.

स्वयंपाकघरात हंडा होता. ओट्याच्या शेजारी, तिवईवर, झाकण घातलेला. माझ्या बापानं, बाबूसिंगनं, लग्नात दिलेला, वरच्या कडेला माझं नाव कोरलेला. या घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू. पाणी एक दिवस झाकून निवळू दे, असं दिपकनं लिहिलं होतं, आणि निवळायला पाणी या घरात हंड्याशिवाय कुठे ठेवणार? प्लॅस्टिकच्या बादलीत? पिण्याचं पाणी हंड्यात, आजाऱ्याला पाणी हंड्यातलं, निलमच्या औषधाला हंड्यातलं. तांब्यातलं पाणी शुद्ध. दर रविवारी मी त्याला चिंच आणि मीठ लावून घासत होते, आतून, कोपर बुडेपर्यंत, तो लालबुंद उजळेपर्यंत, आणि त्याच उजळलेल्या तांब्यात रात्रभर पाणी ठेवून सोमवारी टाकीत. सोमवार, मंगळवारी मरत होते ते. आणि ते पंधरा दिवस! मनकर्णाकाकूंच्या पुतणीच्या लग्नाला हंडा गेला होता, पंधरा दिवसांनी आला, तोवर पाणी स्टीलच्या पातेल्यात निवळत होतं, म्हणून कुणी मेलं नाही, म्हणून तिनं अंडी धरली, आणि मी त्या पंधरा दिवसांवरून एका म्हातारीला गुन्हेगार ठरवून मोकळी झाले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पाच मार्कांचा प्रश्न होता, झिंग्याच्या रक्तात लोह नसतं, तांबं असतं, म्हणून त्याचं रक्त निळसर. मी पाचपैकी पाच घेतले होते. तांबं त्यांच्या रक्तातच असतं, आणि बाहेरून घातलं की तेच विष. पान खिळ्याला होतं. माझ्या डोळ्यांसमोर. मला त्या पानात औषधाची बाटली दिसत होती, खताची पुडी दिसत होती, सासूबाईंची कांचळी दिसत होती. हंडा दिसत नव्हता.

मी बोअरचं पाणी आणलं, काकूंच्या अंगणातून, प्लॅस्टिकच्या बादलीत. जड पाणी, पांढरे डाग पडतात, पण तांबं नाही. टाकीतलं अर्धं पाणी मग्गा मग्गा करून मोरीत ओतलं आणि नवं घातलं, धार हाताच्या पंजावर घेत, हळू, म्हणजे झिंग्यांना धक्का बसू नये. काकू मागून म्हणत होत्या, "अवो, मला द्या ती बादली, पोट धरून बसाल," आणि मी त्यांना पाण्याला हात लावू देत नव्हते. एवढ्या पाण्याचा बदल एकदम करायचा नसतो, हेही पानावर होतं. कळत होतं. पण उरलेल्या चौघांपैकी तीन आधीच गुलाबी पडले होते आणि ती पोटुशी मॉसवरून खाली घसरली होती. ती उभी होती वाळूवर, पाय फाकून, मिशा मागे गेलेल्या. अंडी धरलेली होती अजून. अंड्यांत डोळे आले होते, प्रत्येकात दोन काळे ठिपके. मी कालच भिंगातून पाहिले होते. आणखी पाच दिवस, सहा दिवस. मी पेल्यानं हवा घालत राहिले. शंभर. दोनशे. तिनं शेपटीखालचे पाय हलवले, थांबवले. पुन्हा हलवले. मग एकेक अंडं सुटू लागलं. आधी एक, मग तीन, मग तिनं शेपटी झटकली आणि सगळी सुटली, वाळूवर पसरली, काळ्या डोळ्यांची. ती त्यांच्यावर आडवी झाली. तिचा रंग बदलताना मी पाहिला. तो डोक्याकडून सुरू होतो.

निलमनं पाहिलं होतं सगळं. मी तिला बाजूला केलं नाही, केलं असतं तर हात थांबले असते. दुपारचे साडेतीन झाले असतील. तिनं पाटावरून वाकून बोट काचेवर ठेवलं, बरोबर त्या जागी, आणि माझ्याकडे वळली. ती विचारत होती. वर्षभरात तिनं मला काही विचारलं नव्हतं, आज विचारत होती, नुसत्या भुवयांनी. माझ्या जिभेवर 'झोपला' तयार होता. तोच चांगला, स्वच्छ, घासलेला शब्द. मी तोंड उघडलं आणि तो बाहेर पडेना. मला वाटलं मीच बोलायचं विसरले. घशात काही तरी गरम आलं, खूप खालून, वसतिगृहाच्याही खालून. ज्या दिवशी आमच्या तांड्यावर आजी गेली आणि माझी याडी माझ्यापुढे उकिडवी बसून म्हणाली होती, तिथून.

"मरगी," मी म्हणाले.

मेली. एवढाच अर्थ. निलमचं बोट काचेवरून निघालं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. पाटावरून खाली उतरली, माझ्या ओल्या मांडीवर चढली आणि तिची चार बोटं माझ्या ओठांवर ठेवली. बोटांना काचेचा वास येत होता. तिनं ओठ दाबले, थोडे फाकवले, आत वाकून बघितलं, हा आवाज इतके दिवस कुठे होता ते शोधत असल्यासारखं. मग बोटांनी टकटक केली. पुन्हा. मला रडताही येईना, तिची बोटं होती ना तिथे. मी तिच्या बोटांवरच म्हणाले, मरगी. आणि मग, बोटं तशीच असताना, तो दुसरा शब्द म्हणाले. ज्याच्यावर मी डूख धरला होता, जो माझा व्हावा म्हणून मी घरातून हाकलला होता. याडी, म्हणाले. याडी. तिच्या गळ्याची शीर हलली. ओठ मिटलेलेच होते, पण गळा हलला, गिळल्यासारखा.

चारला लाइट आली. माझ्या मागे पंप घरघरला आणि त्या रिकाम्या पाण्यात बुडबुडे चढू लागले. मी वळून पाहिलं नाही. मोबाइल पाटाशेजारी पडला होता, मी तो उचलला, पुन्हा फुलसिंगला लावला, आणि या वेळी निलमच्या कानाशी धरला. पलीकडे डफ होता. तिनं माझ्या ओठांवरची बोटं काढली नाहीत. टकटक केली. मी पुन्हा म्हणाले.